न भेटणारे वाचक मंडळ : प्रकल्प नोंदी

२ जून

ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळाने न भेटणाऱ्या वाचक मंडळाला होकार दिला. निधी वेगळा मिळणार नाही, माणूस वेगळा मिळणार नाही आणि शनिवारच्या वाचक मंडळाला धक्का लावायचा नाही. तिन्ही अटी मान्य.

शनिवारचे मंडळ चांगले चालते. येणारे वाचून येतात, तावातावाने भांडतात. पण येणारे तेच ते. जे येत नाहीत ते मला देवघेवीच्या काउंटरवर रोज भेटतात: पाळीची नोकरी करणारे, घरी तान्हे मूल असलेल्या, आजारी माणसाची उस्तवार करणारे, परीक्षेला बसलेले. हे लोक वाचत नाहीत असे कुणी म्हणू नये. पुस्तक परत देताना "शेवट काही पटला नाही हो" एवढे बोलून ते निघतात, मागे रांग असते, म्हणून मीही पुढच्या माणसाचे पुस्तक हातात घेते. हे मध्येच तुटलेले बोलणे पुढे नेता येईल का, एवढाच या प्रकल्पाचा विषय.

५ जून

गेले काही दिवस काउंटरवर एकच प्रश्न विचारते आहे: बैठकीला का येत नाही? "वेळ नाही" हे उत्तर येणार हे ठाऊक होते. जरा थांबले की त्याखालचे दुसरे उत्तर मिळते. "पुस्तक निम्मंच झालेलं असतं, मग कोणत्या तोंडानं यायचं?" वेगवेगळ्या शब्दांत हेच अनेकांनी सांगितले.

म्हणजे अडचणी दोन. एक तासाची, दुसरी लाजेची. बैठक ऑनलाइन घेतली तर पहिली थोडीफार सुटते, दुसरी तशीच राहते. पडद्यावर गप्प बसलेला माणूस तर सगळ्यांच्या जास्तच नजरेत येतो. "झूमवर घेऊ या" ही सूचना नोंदवली आणि बाजूला ठेवली.

पहिला नियम लिहून टाकला: या मंडळात मागे पडण्याची सोय नसेल. सगळ्यांनी मिळून गाठायची तारीखच नसली की उशीर कुणाला होणार?

९ जून

दुसऱ्यांनी काय केले ते वाचत होते.

सॅन फ्रान्सिस्कोत २०१२ साली 'सायलेंट बुक क्लब' सुरू झाला. एका जागी जमायचे, आपापले पुस्तक मुकाट्याने वाचायचे, नेमून दिलेले पुस्तक नाही. लाजेची अडचण त्यांनी छान सोडवली; तासाची उरतेच. आणि आम्हाला हवे ते नेमके याच्या उलट आहे: वाचन ज्याचे त्याच्या घरी, बोलणे मात्र एकमेकांशी. सिअ‍ॅटलमध्ये ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी १९९८ साली साऱ्या शहराने एकच पुस्तक वाचावे असा उपक्रम केला आणि मग पुष्कळ शहरांनी तो उचलला. कल्पना मोठी आहे, पण तिला प्रती ढिगाने लागतात.

खरी कामाची गोष्ट याहून फार जुनी निघाली. बोस्टनच्या ॲना टिकनॉर यांनी १८७३ साली, घराबाहेर पडून शिकणे ज्यांना शक्य नव्हते अशा स्त्रियांसाठी पत्रांतून अभ्यास सुरू केला. विद्यार्थिनीला दर महिन्याला एका स्वयंसेवक बाईचे पत्र जायचे, तिचे उत्तर यायचे, त्यावर पुन्हा पत्र. पुस्तकेसुद्धा टपालाने जात. हे काम १८९७ पर्यंत चालले. १८७८ साली अमेरिकेतल्याच, न्यूयॉर्क राज्यातल्या शटॉक्वा येथेही घरबसल्या वाचणाऱ्यांचे मंडळ निघाले. तिथे चार वर्षांचा वाचनक्रम होता आणि शेवटी प्रशस्तिपत्र. तेही लोकप्रिय झाले. पण प्रशस्तिपत्र आले की "किती झाले" हा प्रश्न आलाच. टिकनॉरबाईंच्या पद्धतीत वाचकाला मिळते ते उत्तर. आपली वाट तीच.

जाता जाता: ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाने या शास्त्राचे भारतातले जनक रंगनाथन यांचे १९३१ चे पाच सिद्धांत पाठ केलेले असतात. त्यांतला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. तो आपण तालिका (म्हणजे पुस्तकांची सूची) आणि कपाटांच्या मांडणीपुरता ठेवला. चर्चेला कुणी लावून पाहिला आहे?

१२ जून

प्रतींचा हिशेब. एकाच पुस्तकाच्या पाच प्रती धरल्या, सभासद तीस धरले आणि एकेकाला तीन आठवडे दिले तर सहा फेऱ्या, म्हणजे अठरा आठवडे. 'या महिन्याचे पुस्तक' हा प्रकार इथेच निकालात निघाला.

आणि तीन आठवडे तरी पुरतात का? रोजची पंधरा मिनिटे हाच या लोकांचा खरा वेळ. पानाला दोन मिनिटे धरली तर दोनशे चाळीस पानांना चारशे ऐंशी मिनिटे, म्हणजे बत्तीस दिवस. तेही एकही दिवस न चुकवता. मधली एखादी जागरणाची रात्र, एखादा पाहुणा धरला की सहा आठवडे. मुदत सहा आठवडे ठेवायची. मुदतवाढ मागायला लागली की लाज आलीच.

मग एका पुस्तकाऐवजी एकाच सूत्राभोवतीची तीन पुस्तके घ्यायची: एक कादंबरी, एक आठवणींचे पुस्तक, एक कथासंग्रह. प्रत्येकाच्या पाच प्रती. एक प्रत कायम कपाटात, मंडळाबाहेरच्या वाचकासाठी. त्याला "चार महिने थांबा" म्हणणे मला जमणार नाही. फिरत्या प्रती बारा. अठरा आठवड्यांत तीन फेऱ्या, छत्तीस वाचने. तीस जणांना एकेक पुस्तक नक्की मिळते आणि थोडा वाव राहतो.

एक वाचले तरी सभासद. तिन्ही वाचली तर आनंदच, पण त्याचे कौतुक फलकावर लावायचे नाही.

सूत्र: घर सोडणे. ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, "जरा उदास नाही का?" मग स्वतःच हसल्या आणि म्हणाल्या, "असू दे. प्रत्येकाने कधी ना कधी सोडलेलंच असतं."

१८ जून

आजचे काम वहीचे. हा प्रकल्पाचा गाभा आहे, म्हणून सविस्तर.

प्रत्येक फिरत्या प्रतीसोबत एक पातळ वही. पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून कागदी खिसा असतोच, त्याच मापाची. वही दोऱ्याने शिवलेली. स्टेपलरच्या पिना गंजतात आणि शेजारच्या पानावर डाग सोडतात. चिकटचिठ्ठ्या पुस्तकात लावायला बंदी, कारण चिठ्ठी काढली तरी तिचा डिंक कागदावर राहतो आणि पुढे धूळ धरतो. लिहायचे ते वहीत. पुस्तकातच खूण करायचा मोह आवरत नसेल त्याच्यासाठी खिशात कागदी पट्ट्या आहेत.

वहीत पुढचे आधीच कळून रसभंग होण्याची भीती मोठी. माझी पहिली कल्पना होती की नोंदी पाकिटात घालायच्या आणि वर लिहायचे, "पान १२० नंतर उघडा". देवघेवीतल्या सहकाऱ्याने विचारले, "आणि जो ऐकतो त्याचं काय?" बरोबर आहे. ऐकीव पुस्तकाला पान नसते, ई-पुस्तकात अक्षर मोठे केले की पाने बदलतात, आणि वेगवेगळ्या आवृत्त्यांचे पृष्ठांक जुळत नाहीत. म्हणून पानाऐवजी प्रकरण. वहीचे प्रत्येक पान एका प्रकरणाचे; शेवटच्या तीन प्रकरणांची पाने मुडपून कागदी पट्टीने बंद केलेली. पट्टी सरकवली की उघडते, वाचून झाले की पुन्हा सरकवायची. पाकिटांपेक्षा हे सोपे, आणि हरवायला काही नाही.

डावे पान नोंदीसाठी, उजवे उत्तरासाठी. उजवे पान कोरे दिसले की ते भरावेसे वाटते. निदान मला तरी वाटते.

२० जून

व्हॉट्सअ‍ॅपचा प्रश्न. ग्रुप काढा असे चौघांनी सुचवले. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, हे पहिले कारण. दुसरे जास्त महत्त्वाचे: ग्रुपवर ज्याला वेळ जास्त त्याचा आवाज मोठा. दिवसभर मशीनवर उभा असलेला माणूस रात्री फोन उघडतो तेव्हा ऐंशी निरोप साचलेले असतात आणि चर्चा संपलेली असते. आपण ज्यांच्यासाठी हे काढतो आहोत तेच पुन्हा दाराबाहेर.

ब्रॉडकास्ट लिस्ट चालेल. एका यादीत २५६ जण बसतात, ते एकमेकांना दिसत नाहीत. अट एकच, आपला नंबर त्यांनी जतन केलेला असायला हवा, नाहीतर निरोप पोचत नाही. नोंदणीच्या वेळीच समोर उभे करून नंबर जतन करून घ्यायचा.

फोनने फक्त निरोप्याचे काम करायचे: "तुमच्या नोंदीला उत्तर आले आहे." सोबत त्या पानाचा फोटो. चर्चा वहीतच.

ज्यांना लिहायचा कंटाळा किंवा संकोच आहे त्यांनी मिनिटभर बोलून पाठवायचे, मी ते वहीत उतरवीन. एकाने पुस्तकाची अख्खी प्रकरणे वाचून रेकॉर्ड करायची तयारी दाखवली. हेतू चांगला, पण लेखनहक्काच्या पुस्तकाचे असे वाटप आपल्याला करता येणार नाही, नको म्हटले. स्वतःचे मत हवे तितके रेकॉर्ड करा.

२५ जून

वहीत नाव लिहायचे का? नाही, टोपणनाव. कोण काय वाचतो हे त्याचे त्याच्यापाशी राहावे, हा ग्रंथालयांचा जुना दंडक आहे. अमेरिकन ग्रंथालय संघाने १९३९ सालच्या आचारसंहितेतच तो घातला होता. टोपणनाव कुणाचे हे माझ्या एका कागदावर, तो कागद कुलपात.

टोपणनावे मजेदार निघाली. 'रात्रपाळी', 'खिडकी', 'उशिरा आलेला', 'चष्मा कुठंय'. एकाने 'ग्रंथपाल' घेतले, ते बदलायला लावले.

२७ जून

वहीच्या पहिल्या पानावरचे प्रश्न लिहिले. "लेखकाला काय सुचवायचे आहे?" असला एकही प्रश्न नको, तो वाचला की माणूस बाकावर ताठ बसतो आणि पाठांतर आठवू लागतो. ठेवलेले प्रश्न असे: कुठे थांबलात? कुणाचा राग आला? कुठले वाक्य दुसऱ्याला वाचून दाखवावेसे वाटले? काय खोटे वाटले?

"कुठे थांबलात" वरून मॅडमशी वाद झाला. त्यांना वाटते, यातून अर्धवट सोडण्याला उत्तेजन मिळते. मला वाटते, थांबण्याची जागा ही वाचकाची सर्वांत प्रामाणिक टीका असते. प्रश्न राहिला.

१ जुलै

बाराही प्रती गेल्या.

१७ जुलै

ऐकणारे आणि भरभर वाचणारे यांच्याकडून पहिल्या वह्या परत आल्या. "छान", "आवडले", "नक्की वाचा". हे होणारच होते. कोऱ्या वहीत पहिले वाक्य लिहिणे अवघड. समोर कोण आहे हेच कळत नाही. पण "कुणाचा राग आला?" याला सगळ्यांत जास्त उत्तरे आहेत, आणि कादंबरीतल्या थोरल्या भावाला बऱ्याच शिव्या आहेत.

२४ जुलै

आज तिन्ही पुस्तकांच्या वह्या पुढ्यात घेऊन बसले. एक गोष्ट स्पष्ट दिसते. ज्या नोंदीसमोर उजव्या पानावर कुणीतरी काहीतरी लिहिले आहे, ती नोंद करणारा पुन्हा लिहितो. निरोप पाठवला की काउंटरवर येऊन "माझी वही आली का हो?" म्हणून विचारतो. ज्याच्यासमोरचे पान कोरे राहिले तो पुस्तक वेळेवर परत करतो आणि गप्प होतो. वाचन दोघांचेही झालेले असते. मंडळात मात्र पहिलाच आला.

मंडळ कशाने होते याचे उत्तर मी पुस्तक, सूत्र, मुदत यांत शोधत होते. ते उजव्या पानावर होते. टिकनॉरबाईंना हे १८७३ सालीच कळलेले होते.

नियम आजपासून: परत आलेली वही उत्तराशिवाय पुढे जाणार नाही. पुढच्या वाचकाने दिले तर सोन्याहून पिवळे. नाहीतर आम्ही काउंटरवरचे देऊ. उत्तर म्हणजे शाबासकी नव्हे. "छान लिहिलंत" लिहायचे नाही. प्रश्न विचारायचा किंवा असहमती दाखवायची. आणि "छान" एवढ्याच नोंदीलाही उत्तर द्यायचे: काय छान?

४ ऑगस्ट

कादंबरीच्या तिसऱ्या प्रतीच्या वहीतून, परवानगी घेऊन:

*रात्रपाळी:* प्रकरण सात. हा माणूस घर सोडताना आईला उठवत नाही, याचं लेखकाला कौतुक वाटतंय असं दिसतं. मला नाही वाटत. मी रोज रात्री कुणाला न उठवता घरातून निघतो. त्यात काव्य काही नाही, चप्पल हातात घ्यावी लागते.

*खिडकी:* आई जागीच असते. त्याला वाटतं, झोपलीय. पुन्हा वाचा, दिवा बंद होतो तो त्याच्या निघण्यानंतर.

*रात्रपाळी:* वाचलं. खरंच. म्हणजे आमच्याकडंही कुणी जागं असणार.

*उशिरा आलेला:* तुम्हा दोघांमुळं मी प्रकरण सात दोनदा वाचलं, आणि मला तो दिवा नोकरानं बंद केला असं वाटतं. भांडायला तयार आहे.

हे तिघे एकमेकांना ओळखत नाहीत, बहुधा कधी भेटणारही नाहीत. पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत साधारण महिना गेला. वही मध्ये तीनदा काउंटरवरून गेली आणि फोटो इकडून तिकडे गेले. मला यातले विशेष वाटते ते त्या महिन्याचे. बैठकीत "दिवा नंतर बंद होतो" हे कुणी म्हटले असते तर समोरच्याने तिथल्या तिथे बचाव केला असता. इथे तो पुस्तकाकडे परत गेला.

१२ ऑगस्ट

दोन वह्यांची शिवण उसवली. जाड दोरा आणला.

२१ ऑगस्ट

आठवणींचे पुस्तक चौघांनी अर्ध्यात सोडले. चौघांनीही ते लिहिले, आणि कुठे सोडले तेही: पाचवे प्रकरण, वंशावळीचे. 'चष्मा कुठंय' यांनी लिहिले, "एवढे काका मला माझेही नाहीत." त्याखाली पुढच्या वाचकाने उत्तर दिले, "पाचवं सोडा, सहाव्यात सरळ उडी मारा, काही बिघडत नाही." दोघे परत आले आणि सहाव्यापासून वाचू लागले. मॅडमना वही दाखवली. त्या काही बोलल्या नाहीत, पण "कुठे थांबलात" हा प्रश्न पुढच्या हंगामातही राहतो आहे.

३ सप्टेंबर

शनिवारच्या मंडळातले एक ज्येष्ठ सर काउंटरवर आले. "अहो, याला मंडळ कसं म्हणता? माणसं समोरासमोर नाहीत, आवाज नाही, चेहरा नाही. हा तर टपालाचा धंदा झाला."

त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. समोरासमोरच्या बोलण्यात एखाद्याचा आवाज मध्येच अडकतो आणि सगळ्यांना कळते की पुस्तक कुठे लागले. ते वहीत येत नाही. मी त्यांना कथासंग्रहाची वही दिली आणि म्हटले, वाचून मग सांगा. तिथेच बाकावर बसून त्यांनी ती वाचली आणि जाताना उजव्या पानांवर तीन ठिकाणी पेन्सिलीने मतभेद नोंदवून गेले. टोपणनाव न घेता, सही ठोकून. सही खोडरबराने पुसली.

१५ सप्टेंबर

एका नोंदीत घरातली गोष्ट आहे. पुस्तकाचे निमित्त दोन ओळींपुरते, पुढे दीड पान स्वतःचे. नावे नाहीत, पण ओळखणारा ओळखेल.

हे पान पुढे जाऊ द्यायचे का? फाडणे मला मान्य नाही आणि तसेच सोडणेही नाही. लिहिणाऱ्या व्यक्तीला बाजूला बोलावून सरळ विचारले. ती म्हणाली, "एकानं वाचलं तरी पुरे, सगळ्यांनी नको." पान तिला परत दिले. तिच्या सांगण्यावरून उत्तर मी वेगळ्या कागदावर लिहिले.

आता वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर एक ओळ वाढवली आहे: आपली नोंद केव्हाही काढून घेता येईल, कारण विचारले जाणार नाही.

२९ सप्टेंबर

कामाचा भार. उत्तरे लिहायला रोज अर्धा तास जातो, वह्या जास्त आल्या तर तास. एकटीने हे पुढे चालणार नाही, आणि सगळ्या वह्यांत माझाच आवाज येऊ लागला तर ते मंडळ माझे होईल. 'खिडकी' आणि आणखी दोघांना विचारले की आठवड्याला एकेक वही घ्याल का? 'खिडकी'ने विचारले, "पुस्तक न वाचता उत्तर दिलं तर चालेल? म्हणजे नोंदीवरूनच." आधी नाही म्हणणार होते. मग म्हटले, चालेल, फक्त तसे लिहा. न वाचलेल्याचे प्रश्न बरेचदा चांगले असतात, हे काउंटरवर बसून कळलेले आहे.

१३ ऑक्टोबर

एक प्रत वहीसकट परत आलेली नाही. सभासदाचा फोन लागत नाही. पुस्तक पुन्हा घेता येईल. वहीच्या पानांचे फोटो निरोपांसाठी काढलेले होते, त्यामुळे मजकूर बराचसा हाताशी आहे.

२७ ऑक्टोबर

हंगाम या आठवड्यात मिटतो. मागे राहिलेला प्रश्न वह्यांचा. दाखल नोंदवहीत, म्हणजे ग्रंथालयात येणारे प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन जिथे नोंदवतात तिथे, त्यांची नोंद करायची का? मॅडमचे म्हणणे, वही म्हणजे पुस्तक नव्हे, तिला दाखल क्रमांक कसा देणार. आणि दिला तर उद्या कुणीही ती घरी मागेल. माझे म्हणणे, पुस्तकाच्या खिशात ठेवून दिली तर पुढचा कुणीही वाचक, मंडळातला असो वा नसो, ती उघडेल आणि लिहील. तडजोड अशी ठरली: वहीला स्वतंत्र क्रमांक नाही, प्रतीच्याच क्रमांकाखाली 'सोबत वही' असा शेरा. ज्यांनी नोंदी काढून घ्यायच्या त्यांना पंधरा दिवसांची मुदत. त्यानंतर वह्या खिशातच राहतील, कपाटात, सर्वांसाठी खुल्या. टोपणनावांचा कागद त्याच दिवशी नष्ट करायचा.

पुढच्या हंगामासाठी करायचे: एका पुस्तकाची मोठ्या अक्षरांतली प्रत मिळते का पाहणे, १६ पॉइंटच्या वरची. वहीची पाने वाढवणे. कथासंग्रहाला प्रत्येक कथेसाठी दोन पाने. निरोप रात्री नऊनंतर पाठवायचे नाहीत. 'रात्रपाळी'ला मात्र नऊनंतरच.